मोबाईल, रात्री १०.४०

गेल्या मार्गशीर्षात चार दिवस नगरला आईकडे गेले होते. पहिल्याच रात्री, साडेदहा वाजून गेले असतील, पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकले. आतला दिवा बंद होता. आई ओट्याजवळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली, फोनचा निळसर उजेड हनुवटीखालून तोंडावर आलेला, आणि ती कुणाशी तरी बोलत होती. "बरं. पण मग माउली काय म्हणतात त्यावर?" भाजीवाल्याला "मेथी आजचीच ना?" असं विचारते, अगदी त्याच सुरात. क्षणभर शांतता, आणि फोनमधून एक बाई बोलायला लागली. स्वच्छ, सपाट, बातम्यांना शोभेल असं मराठी, फक्त श्वास भलत्याच ठिकाणी घेतलेला. तिने चार-पाच वाक्यं सांगितली, मग जरा थांबून एक ओवी म्हटली. आई "थांब, थांब" म्हणाली, चष्मा सारखा केला, वही ओढली, तीच ओवी पुन्हा ऐकली आणि अक्षर अक्षर लावून लिहून घेतली. मी पाणी न पिताच परत जाऊन पडले.

ओवी सुंदर होती. तेच तर सगळं दुखणं.

दुसऱ्या दिवशी आई देवळात गेल्यावर मी चोरासारखी अण्णांची पोथी काढली. अण्णा म्हणजे आईचे वडील. पोथी म्हणजे खरं तर जाडजूड सार्थ ज्ञानेश्वरी, वर ओवी आणि खाली बारीक टायपात अर्थ. पण लाल फडक्यात बांधलेली असते म्हणून आमच्याकडे ती पोथीच. फडकं सोडलं की कापराचा, जुन्या खळीचा आणि किंचित तपकिरीचा वास येतो, अण्णांना जाऊन सव्वीस वर्षं झाली तरी. पानं इतकी कडक झालीत की उलटताना पापडासारखी वाजतात. कानात राहिलेले शब्द घेऊन मी आधी बारावा अध्याय चाळला, मग तेरावा, मग सोळावा. मग नेटवर अख्ख्या ज्ञानेश्वरीत शब्द शोधता येतो तिथे एकेक शब्द घालून पाहिला. सुटे शब्द सापडत होते, ओवी सापडत नव्हती. नऊ हजारांहून थोड्या जास्त ओव्या आहेत, त्यांत ती कुठेच नव्हती. माउलींनी कधी न केलेली ओवी त्या बाईने माउलींच्या नावावर आईच्या वहीत उतरवून दिली होती.

(ती ओवी मी इथे देत नाही. दिली तर संध्याकाळपर्यंत कमळाच्या चित्रावर छापून फॅमिली ग्रुपवर परत येईल, खाली दोन हात जोडलेले.)

ॲप आईच्या फोनवर घालून दिलं होतं माझ्याच चिरंजीवांनी. दिवाळीत आला होता, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आज्जीला काहीतरी द्यायचं म्हणून हे दिलं. गीता, ज्ञानेश्वरी, उपनिषदं, जे निवडाल त्या ग्रंथाशी मराठीत बोला, असं त्या ॲपचं म्हणणं. हे चालतं कसं, हे त्याने तेव्हाच आज्जीला समजावून सांगितलं होतं. पुस्तकाचे लहान लहान तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याच्या अर्थाची आकड्यांत एक खूण करून ठेवतात. तुम्ही प्रश्न विचारलात की प्रश्नाचीही तशीच खूण करतात, तिच्या जवळपासचे तुकडे उचलून यंत्रापुढे ठेवतात, आणि यंत्र ते पाहून उत्तर जुळवतं. तुकडे नेमके मिळाले तर उत्तर बरं येतं. नाही मिळाले तर? तर यंत्र सहसा गप्प बसत नाही, गप्प बसणं त्याला सहजी जमत नाही. आतापर्यंतच्या शब्दांनंतर कुठला शब्द शोभेल एवढं ते ओळखत जातं आणि तोच ठेवत जातं. यावर आई म्हणाली होती, "म्हणजे भेंड्याच की. अक्षर आलं की गाणं सुचायलाच हवं, नाहीतर भेंडी चढते." मुलगा खूश झाला होता. मीही हसले होते. पण भेंड्या खेळताना अडलं की आम्ही बहिणी मधल्या ओळी मनाच्याच घालून वेळ मारून न्यायचो, हे मला त्या मार्गशीर्षातल्या सकाळी आठवलं.

हे प्रकरण काही आमच्या घरापुरतं नाही. २०२३ च्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच गीतेच्या नावाने बोलणारे असे बरेच बॉट आपल्याकडे निघाले. कृष्ण तुमच्या प्रश्नाला उत्तर देतोय, असा एकंदर थाट. थोड्याच दिवसांत बातम्याही आल्या, की स्वधर्मासाठी एखाद्याला मारणं गैर नाही असं त्यांतले काही बेलाशक सांगतात. क्योतो विद्यापीठातल्या मंडळींनी २०२१ मध्ये बुद्धबॉट म्हणून एक जाहीर केला होता. त्याची पहिली आवृत्ती मला त्यातल्या त्यात सभ्य वाटते: तुम्ही विचारायचं आणि त्याने सुत्तनिपातासारख्या जुन्या ग्रंथांतलं एखादं वचन जसंच्या तसं काढून पुढे ठेवायचं. तुमच्या दुखण्याशी त्याची सांगड तुम्हीच घालायची. पुढे त्यालाही बोलकं केलं. लोकांना वचन नको असतं, सल्ला हवा असतो. माझी पणजी अडचण आली की डोळे मिटून दासबोध उघडायची आणि बोट पडेल ती ओवी वाचायची. कोकणात देवाला कौल लावतात, पाकळी उजवीकडे पडली की डावीकडे ते बघतात. मला आधी वाटलं, आईचं ॲप म्हणजे याचीच पुढची पायरी. पण दासबोधात बोट कुठेही पडलं तरी समर्थच असायचे.

ज्ञानेश्वरीत दुसऱ्याची ओवी शिरण्याची गोष्ट मात्र यंत्रापेक्षा पुष्कळ जुनी. नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वर सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. एकनाथांनी पैठणला पोथी शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये. मधल्या जवळपास तीनशे वर्षांत हाताने नकला करणाऱ्यांनी काय काय केलं असेल ते आपणच समजावं. कुणाला शब्द लागला नसेल, त्याने सोपा घातला. कुणाला भक्तीचा उमाळा आला असेल, त्याने एक ओवी पदरची जोडली. वाईट हेतूने थोडीच कोणी ओवी जोडतं! नाथांनी सगळं निवडून साफ केलं आणि शेवटी दम भरून ठेवला: ‘ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥’ नरोटी म्हणजे खोबरं काढून घेतलेली रिकामी करवंटी. हे सांगणारा माणूस स्वतः हजारोंनी ओव्या लिहिणारा होता, त्याला चार जोडणं अवघड नव्हतं. नाथांना तीनशे वर्षांच्या करवंट्या वेचायला लागल्या. आता एका रात्रीत किती करवंट्या ताटात पडत असतील, आणि त्या वेचायला कोण बसणार आहे?

अण्णांचं आणि नेवाशाचं नातं वेगळंच होतं. ते शाळामास्तर, टापटिपीचे, तापट, देवभोळे अजिबात नव्हते. पण वर्षातून एकदा एसटीने नेवाशाला जायचे आणि सुट्टीत आम्ही नातवंडं असलो तर आम्हालाही न्यायचे. प्रवरेच्या काठची उन्हाने तापलेली माती, उसाच्या रसाच्या गाड्यावरची घुंगरं, आणि मग देवळात शिरल्यावर एकदम पायाला लागणारी गार फरशी. मधोमध तो पैसाचा खांब. ज्ञानेश्वर त्याला टेकून बसले होते असं सांगतात. लोक येतात, त्याला मिठी मारतात, कपाळ टेकवतात. तेला-बुक्क्याने दगड गुळगुळीत झालाय. मी दहा वर्षांची असेन, अण्णांना विचारलं होतं, "हा काही बोलतो का?" माझी अपेक्षा होती ते रागावतील. ते म्हणाले, "शब्देंवीण संवादिजे," आणि पुढचं काही न सांगता भिंतीशी जाऊन बसले. अर्धा तास. आम्ही पोरं कंटाळून बाहेर शेंगा खात बसलो. ती ओवी पहिल्या अध्यायातली आहे आणि अण्णा कथा कशी ऐकायची ते सांगत होते, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. बोलण्याआधीच अर्थाला जाऊन भिडायचं, असं तिथे म्हटलंय. तेव्हा मला एवढंच समजलं होतं की म्हाताऱ्याला उत्तर येत नाहीये.

तर पोथी चाळताना तेराव्या अध्यायात थांबले, कारण तिथे अण्णांची पेन्सिल होती. गीतेत अहिंसा हा तिथे निव्वळ एक शब्द आहे, यादीतला, अमानित्व-अदंभित्वाच्या पाठोपाठ आलेला. ज्ञानेश्वर त्या एका शब्दावर शंभराहून जास्त ओव्या खर्च करतात. यज्ञातल्या हिंसेचा समाचार घेतात, औषधासाठी झाडं सोलणाऱ्या वैद्यकाचाही घेतात, आणि मग अहिंसक माणूस चालतो कसा, ते सांगायला लागतात: ‘कां कमळावरी भ्रमर । पाय ठेविती हळुवार । कुचुंबैल केसर । इया शंका ॥’ केसर चुरगळेल या भीतीने भुंगा कसा पाय टाकतो, तसा हा जमिनीवर पाय टाकतो. या ओवीशेजारी समासात अण्णांच्या तिरक्या अक्षरात दोनच शब्द: ‘मग युद्ध?’ खाली तारीख, १९६५ ची. त्याच्या खाली वेगळ्या, निळ्या शाईत आणखी एक तारीख, १९७१, आणि नुसतंच प्रश्नचिन्ह. मग बॉलपेनने, हात थरथरत असतानाचं, १९९६. पुन्हा प्रश्नचिन्ह. म्हणजे पहिल्या दोन खेपांना बाहेर लढाई चालू होती आणि हे मास्तर घरात दिव्याखाली बसून, भुंग्याइतक्या हळुवार पायाने चालायला सांगणारा ग्रंथ रणांगणावर, रथ उभा करून, ‘ऊठ, लढ’ असं सांगण्यासाठी का जन्माला आला, हे स्वतःलाच विचारत होते. तिसऱ्या खेपेला लढाई कुठली होती, मला माहीत नाही. आजी आजारी होती तेव्हा, बहुतेक.

मी काय केलं असेन ते तुम्ही ओळखलंच असेल. आईचा फोन उचलला आणि अण्णांचा प्रश्न त्या बाईला विचारला.

चार सेकंदांत उत्तर आलं. सहा मुद्दे. पहिला, अहिंसा ही मनोवृत्ती आहे. दुसरा, क्षत्रियाचं कर्तव्य. तिसरा, फलाची आसक्ती सोडून केलेलं कर्म बांधत नाही. असं करत करत सहावा, आजच्या काळात आपण यातून काय घ्यावं. चुकीचं काही नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगते. प्रवचनांतून आपण हेच ऐकत आलोय. शिवाय सुरुवातीला म्हणाली, "हा अत्यंत सखोल प्रश्न आहे." अण्णांना एवढं कौतुक त्यांच्या हयातीत कोणी केलं नसेल. मला राहवलं नाही, मी उलट लिहिलं, की मला हे पटत नाही, ही पळवाट आहे. लगेच, "तुमचं निरीक्षण अगदी योग्य आहे," आणि माझ्या बाजूने सहा नवे मुद्दे. मग मी पुन्हा कोलांटी मारली. तिनेही मारली. कोणत्या गीतेशी बोलतेय मी? ज्ञानेश्वरांची गीता वेगळी, टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात बसून काढलेला कर्मयोग वेगळा, विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे सांगितली ती आणखी निराळी. तिघांची आपसांत गाठ घातली असती तर रात्र रात्र वाद झाला असता. इथे तिघांना मिक्सरमधून काढलेलं. खुद्द अर्जुन तिसऱ्या अध्यायात कुरकुरतो ना, की तुझ्या या व्यामिश्र बोलण्याने माझी बुद्धी गोंधळते, काय ते एक नक्की सांग. त्याला निदान समोर कोण बसलंय ते माहीत होतं.

आणि कृष्ण त्याला काही "सखोल प्रश्न" वगैरे म्हणाला नव्हता. हसल्यासारखं करून म्हणाला होता, ज्यांचा शोक करू नये त्यांचा करतोस आणि वर पंडितासारखं बोलतोस. उपदेशाची सलामीच अशी.

बी.ए.ला माझा दुय्यम विषय तत्त्वज्ञान होता, त्यात प्लेटोचा ‘फीड्रस’ थोडासा होता. थोडासाच वाचला, पण त्यातली एक तक्रार अजून लक्षात आहे. अथेन्सच्या वेशीबाहेर, नदीकाठी झाडाच्या सावलीत बसून सॉक्रेटिस म्हणतो, लिहिलेले शब्द चित्रासारखे असतात. बघावं तर जिवंत, पण काही विचारायला गेलं की गंभीर चेहरा करून गप्प. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. कोणी त्यांचा भलता अर्थ लावला तर त्यांना स्वतःला सांभाळता येत नाही, बापाला हाक मारावी लागते. परीक्षेत यावर पाच मार्कांचा प्रश्न यायचा. आता दोन हजार चारशे वर्षांनी पुस्तकं उत्तर द्यायला लागली, आणि अशी द्यायला लागली की एकच गोष्ट दोनदा विचारली तर दोन उत्तरं. बाप तर अजून आलेलाच नाही. मी हौसेने सॉक्रेटिसच्या बॉटशीही बोलून पाहिलं. त्याने तीन प्रश्न विचारले, तिसऱ्यानंतर माझ्या अंतर्दृष्टीची वाखाणणी केली. खऱ्या सॉक्रेटिसने लोकांना इतकं छळलं की इ.स.पू. ३९९ मध्ये त्याला विषाचा प्याला मिळाला. याला कोणी सरबतसुद्धा देणार नाही.

नक्कल करता येते, यात मात्र शंका नाही. डॅनिएल डेनेट या अमेरिकी तत्त्वज्ञाच्या लिखाणावर, तो हयात असतानाच, काही अभ्यासकांनी एक यंत्र तयार करून पाहिलं होतं. दहा प्रश्न, प्रत्येकाची पाच उत्तरं, त्यांत एक डेनेटचं स्वतःचं आणि चार यंत्राची. डेनेट कोळून प्यायलेल्या जाणकारांनाही सरासरी निम्म्याच वेळा खरं उत्तर ओळखता आलं. मी ज्ञानेश्वरी कोळून प्यायलेली नाही. मला ती ओवी रात्री खरीच वाटली होती. खोटी ठरली ती पोथीत सापडली नाही म्हणून. कानाला काही खटकलं म्हणून नव्हे. हे कळल्यावर मला जरा कसंसंच झालं.

पण माझ्या मनातलं खरं कोडं वेगळंच होतं. आई त्या बाईला विचारत काय होती?

दुपारी मी तिच्या मागचं बोलणं फोनमध्ये वाचलं. वाचायला नको होतं, वाचलं. अण्णांची गावाकडची तीन एकर जमीन आहे, विहिरीसकट. मामाने सहा वर्षांपूर्वी हक्कसोडपत्र आणून पुढे ठेवलं होतं. आमच्याकडे बहिणी अशा कागदावर सही करतात, भाऊ साडी-चोळी करतो, आणि माहेर शाबूत राहतं. आईने "बघते" म्हटलं. ती "बघते" म्हणाली एवढ्यावरून मामाने बोलणं टाकलं. राखीला ती पोस्टाने राखी पाठवते, पोच येत नाही. याबद्दल ती माझ्याशी कधीही एक अक्षर बोललेली नाही, मी विचारलं की, "जाऊ दे गं." आणि इथे, रात्रीमागून रात्री, दहा-पंधरा ओळींचे प्रश्न, काना-मात्रा चुकलेले. सही केली तर माझं चुकेल का. मला जमीन नको आहे पण मागितल्यावर द्यावीशी वाटत नाही, हा अहंकार का. अण्णा असते तर काय म्हणाले असते. तिच्या पारायण मंडळात एकदा प्रवचनकार महाराजांना तिने असंच काहीतरी, नावं न घेता, विचारलं होतं. ते म्हणाले होते, "माई, नाम घ्या, सगळं सुटतं," आणि पुढच्या आरतीला उभे राहिले होते. बायकांच्या बाजूने प्रश्न येण्याची रीतच नव्हती तिथे. ही फोनमधली बाई निदान पूर्ण ऐकून घेत होती. तिने एका रात्री आसक्ती सोडा, नातं मोठं, असं सांगितलं होतं. दुसऱ्या रात्री, आईने प्रश्न जरा रागात विचारला असावा, तर न्याय्य हक्कासाठी उभं राहणं हाच स्वधर्म, असं. दोन्ही वेळा ज्ञानेश्वरीच्या आधाराने. अख्खी गीता मुळात भाऊबंदकीच्या आणि जमिनीच्या भांडणात उभी आहे, तेव्हा तिला दोन्ही सापडायला काय अडचण!

मी फोन ठेवून दिला. पोटात काहीतरी हललं होतं, आणि ते ओवीबद्दल नव्हतं. सहा वर्षं माझी आई हे कुणाला तरी विचारू पाहत होती आणि शेवटी तिला एक भेंड्या खेळणारं यंत्र मिळालं. त्या यंत्राला खोटारडं म्हणायला मी सकाळपासून पुरावे गोळा करत होते.

संध्याकाळी ओसरीवर मटार सोलत बसलो होतो. नगरची थंडी, पायांवर ऊन जेमतेम पोचत होतं. मी धीर करून म्हटलं, "आई, काल रात्री तू ती ओवी लिहून घेतलीस ना..."

"ती होय. ती माउलींची नाही."

मी मान वर केली. ती सोलतच होती.

"तुला कसं कळलं?"

"म्हणून बघ ना," ती म्हणाली, आणि तिने ती कमळावरच्या भुंग्याची ओवी म्हटली, पारायणातल्या तिच्या नेहमीच्या चालीवर. पहिले तीन चरण एकापाठोपाठ एक यमकाच्या पायऱ्या चढत गेले आणि ‘इया शंका’ला आवाज आपसूक खाली बसला, श्वास सुटला. "इथे उतरतं. चौथा आखूड असतो, त्याला यमक नसतं, तिथे दम घ्यायचा. ही त्या बाईची चारही सारखे, चारही जुळलेले. आरती म्हटल्यासारखं. श्वास घ्यायचा कुठे?" चाळीस वर्षं रोज सकाळी वीस-पंचवीस ओव्या. चौथीपर्यंत शाळा झालेली, ओवीचं व्याकरण तिला कोणी शिकवलेलं नाही. तिला तिच्या फुप्फुसांनी सांगितलं होतं.

"मग लिहून कशाला घेतलीस?"

"चांगली होती म्हणून."

तिने हात पदराला पुसले आणि आतून वही आणून दिली. दोनशे पानी, लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचं कव्हर घातलेली. यात ती कानावर पडलेलं, आवडलेलं लिहून ठेवते हे मला माहीत होतं, उघडून कधी पाहिली नव्हती. प्रत्येक टिपणाखाली कुठून आलं ते लिहिलेलं. ‘ज्ञा. अ. १२.’ ‘तुकोबा.’ ‘समोरच्या काकू.’ ‘शेवगावच्या ट्रकच्या मागे.’ ‘अण्णा, दवाखान्यात.’ शेवटच्या पानावर कालची ओवी होती, हिरव्या पेनाने, आणि खाली, ‘मोबाईल, रात्री १०.४०.’

नाथांना असे नकलाकार मिळाले असते तर त्यांचं काम बरंच कमी झालं असतं.

मला तिला दुसरंही विचारायचं होतं, मामाचं. गीतेच्या शेवटच्या अध्यायात एवढं सगळं सांगून झाल्यावर कृष्ण म्हणतो, याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर, ‘यथेच्छसि तथा कुरु’. हे मला त्या क्षणी अगदी जिभेवर आलं होतं. आईला हे सांगावं, म्हणजे कसं छान होईल. पण तेही मग पुस्तकातून काढून दिलेलं एक उत्तरच झालं असतं, मी त्या बाईपेक्षा जरा बऱ्या आवाजात दिलेलं. मी म्हटलं, "मामाचं काय करायचं ठरवलंयस?" तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. फोन उघडून पाहिला गेलाय हे तिला समजलं असणार. "विहिरीपाशी चिंच होती," ती म्हणाली. "मी आणि बाळू दुपारी त्या चिंचेवर असायचो. अण्णा खालून ओरडायचे. ती आता आहे की नाही तेही मला माहीत नाही. त्याला विचारायचं तर फोन उचलत नाही." मग थोड्या वेळाने, "जमीन म्हणजे त्या कागदावर गट नंबर आहे नुसता. चिंच लिहिलेली नाही त्यात." एवढंच. पुढे ती मटारावर आली, या वर्षी दाणा बारीक आहे यावर.

रात्री मला झोप लागेना. अण्णांची पोथी उशाशी होती, तेरावा अध्याय काढला. त्यांच्या तीन तारखांखाली थोडी जागा शिल्लक आहे. पेन्सिल हातात घेतली होती, तारीख घालावी म्हणून, कारण बाहेर लढाया काही थांबलेल्या नाहीत. पण मग वाटलं, अण्णांनी प्रश्न पडल्यावर तारीख घातली होती, मला तर अजून त्यांचाच प्रश्न उसना घेऊन वाचायची सवय. पेन्सिल तशीच पानात ठेवली आणि पाणी प्यायला उठले.

स्वयंपाकघरात पुन्हा तो निळा उजेड. या वेळी मी दिवा लावला आणि दुसरं स्टूल ओढून शेजारी बसले. आईने माझ्याकडे पाहिलं, फोन लपवला नाही, जरासा माझ्या बाजूला सरकवला, मलाही दिसावं म्हणून. तिने प्रश्न आधीच विचारून टाकला होता: भाऊ फोन उचलत नसेल तर बहिणीने न सांगता त्याच्या दारात जाऊन उभं राहावं का. पडद्यावर ते तीन ठिपके नाचत होते.

"हा अतिशय भावपूर्ण आणि महत्त्वाचा प्रश्न आहे," ती बाई म्हणाली.

"ते राहू दे," आई म्हणाली. "पुढचं बोल."